रूम टोन

शूटिंगमध्ये एखाद्या जागेवरचं काम संपत आलं की सगळ्यांना घाई होते. दिव्यांच्या वायरी गुंडाळल्या जातात, कुणीतरी चहा मागवतं, आणि तेवढ्यात ध्वनिमुद्रण करणारा हात वर करून ओरडतो, "थांबा, रूम टोन राहिलाय!" मग जो तो जिथल्या तिथे उभा राहतो. मिनिटभर कुणी बोलायचं नाही, पाय हलवायचा नाही. तेवढ्या वेळात त्या खोलीची शांतता मुद्रित होते. पुढे संकलनात दोन वाक्यांच्या मध्ये जिथे फट पडते तिथे हा तुकडा भरायचा असतो. तो नसेल तर बघणाऱ्याला आपले कान क्षणभर गेल्यासारखं वाटतं. मी पहिल्यांदा अशी उभी राहिले ती पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माजघरात. मला वाशावरचं कबूतर ऐकू आलं, न्हाणीघरातला गळका नळ, बोळातून जाणारा भंगारवाला, आणि घरमालकीण आजींचा किंचित घरघरणारा श्वास. चार दिवस आम्ही त्या माजघरात राबत होतो. ते घर मला कळलं ते त्या मिनिटात.

पुण्यात चित्रपटाचं शिक्षण घेण्याचं हे माझं दुसरं वर्ष, विषय ध्वनी. त्या वाड्यातून परतल्यावर गेले चार-पाच महिने मी मराठी चित्रपट ओळीने बघते आहे, काही दुसऱ्यांदा, काही तिसऱ्यांदा, आणि यावेळी आधी कान उघडे ठेवून. एक सवय लावून घेतली आहे. पार्श्वसंगीताविना सलग किती वेळ जातो, ते घड्याळ लावून मोजायचं. वहीतल्या बहुतेक नोंदींत मिनिटं नाहीत, सेकंद आहेत. गेल्या वीस वर्षांत मराठी चित्रपटाने नवे चेहरे आणले, नवी गावं आणली, आजवर पडद्यावर न आलेल्या जाती-जमातींची घरं दाखवली, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्या घरांत काय ऐकू येतं, हे त्याने अजून नीट सांगितलेलं नाही.

हे आपल्याला कधी जमलंच नव्हतं असं मात्र नाही. 'कुंकू' मी शाळेत असताना पाहिला होता, तेव्हा सगळं लक्ष नीराच्या बंडाकडे होतं. १९३७ साल, प्रभात फिल्म कंपनी, दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावून दिलेली मुलगी त्याला नवरा मानायलाच नकार देते. शांता आपटे नीरा, केशवराव दाते काकासाहेब. यावेळी ऐकताना लक्षात आलं की केशवराव भोळ्यांसारखा संगीतकार हाताशी असताना, चित्रपटात गाणी असताना, प्रसंगांच्या पाठीमागे संगीत वाजतच नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातून, त्या रस्त्यातून, माणसांच्या हातातल्या वस्तूंतून येतं.

त्यात काकासाहेबांचं भिंतीवरचं घड्याळ आहे. ती गप्प, तो गप्प, मध्ये त्याची टिकटिक. हाच प्रसंग आज चित्रित झाला असता तर तिथे सारंगीचा एक लांब सूर पसरला असता आणि नीराची कीव करा म्हणून आपल्याला बजावलं गेलं असतं. घड्याळ तसं काही बजावत नाही. ते जसं नीराच्या कोंडलेल्या दिवसांचं आहे तसंच काकासाहेबांच्या सरत आलेल्या आयुष्याचंही आहे. म्हणून आरशाच्या तुकड्यांपाशी तो म्हातारा स्वतःकडे बघतो तेव्हा त्याच्याबद्दलही पोटात तुटतं, आणि त्याने नीराचा राग जराही कमी होत नाही. संगीत बाजू घेतं. आवाज दोघांचाही असू शकतो. इतका साधा धडा मला वर्गात मिळाला नाही, या इतक्या जुन्या चित्रपटात मिळाला. 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट १९३२चा. म्हणजे आवाज हाती आल्यावर अवघ्या पाच वर्षांत त्याच कंपनीने त्याच्यावर एवढी हुकमत मिळवली होती. प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले सांभाळत, आणि फत्तेलालांबरोबर 'संत तुकाराम' दिग्दर्शित करणारेही तेच. आवाज पकडणारा माणूस कंपनीच्या मालकांपैकी एक होता, पगारावर शेवटी बोलावलेला नव्हता. मला यात बरंच काही दिसतं.

पुढची चाळीस-पन्नास वर्षं गाण्याने व्यापली. 'सांगत्ये ऐका' १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. ढोलकी आणि लावणी हा मराठी चित्रपटाचा ओळखीचा आवाज झाला. 'पिंजरा'तल्या राम कदमांच्या संगीताबद्दल मी नव्याने काय सांगणार? त्या काळातला एकच चित्रपट मला माझ्या विषयासाठी थांबवून धरतो, तो जब्बार पटेलांचा १९७७चा 'जैत रे जैत'. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आणि ना. धों. महानोरांची गाणी एवढ्यासाठीच तो आठवला जातो. पण ती सगळी गोष्ट मधमाश्यांची आहे. ठाकरवाडीतला नाग्या डोंगरावरच्या राणीमाशीशी वैर धरतो. त्या चित्रपटात डोंगर गातो, माणसं गातात, आणि या सगळ्याच्या तळाशी मला ते घोंघावणं ऐकू येतं. गाणं आणि रानाचा आवाज यांत भांडण असण्याचं कारण नाही, हे पटवायला मी तो चित्रपट कुणालाही दाखवेन.

आता आजचं. वहीत सगळ्यात वर मी जी तक्रार लिहिली आहे ती अशी: भावना यायच्या आधी तिचं संगीत येऊन बसतं. आई पत्र उघडायच्या आत व्हायोलिनं सुरू होतात. मुलगा फाटकातून आत येतो तेव्हाच बासरी सांगते की तो घर सोडून जाणार आहे. विनोदी प्रसंगात तर नटाने भुवई उचलली की मागे काहीतरी टुणकन वाजतंच. ज्या नटाची भुवई पुरेशी बोलकी आहे त्याचाही हा अपमान आहे.

इतिहासपटांत हे सर्वांत जास्त होतं. दिग्पाल लांजेकरांच्या 'फर्जंद', 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज' या मालिकेने मोठा प्रेक्षकवर्ग पुन्हा चित्रपटगृहात आणला, शाळेच्या शाळा बघायला गेल्या. 'पावनखिंड' मी दोनदा पाहिला. १६६० च्या जुलैतली ती रात्र. पाऊस, चिखल, गुडघाभर गवत, पालखीच्या भोयांची धाप, आणि मागे कुठेतरी, अंतर कळत नाही इतक्या अंधारात, पाठलागावरचे घोडे. या रात्रीत भीती आणायला वेगळं काही करावं लागत नाही, फक्त ती ऐकू द्यावी लागते. मला तो पाऊस संगीताच्या थराखालून तेवढा ऐकू आला. ढोल आणि समूहस्वर इतके दाटून आले की माणसं किती दमली आहेत हे माझ्यापर्यंत पोचेना. आणि दमलेला माणूस लढतो म्हणूनच तर बाजीप्रभूंची गोष्ट साडेतीनशे वर्षं सांगितली जाते.

हे का होतं, ते काम जवळून बघायला लागल्यापासून थोडं कळतं आहे. शूटिंगच्या ठिकाणी जनरेटर जवळ उभा असतो, गर्दी जमलेली असते, सूर्य खाली जात असतो. आवाजासाठी आणखी एक टेक मागितला की उत्तर ठरलेलं, "डबिंगमध्ये बघू." मग दोन-तीन महिन्यांनी नट बंद खोलीत माइकसमोर उभा राहून तेच वाक्य म्हणतो. शब्द बरोबर बसतात, ओठही जुळतात, पण विहिरीवरून हंडा आणलेल्या बाईचा श्वास त्या वाक्यात नसतो. पावलं, भांडी, दार यांचे आवाज नंतर फोलीत बनवतात. ती करणारे लोक कमालीचे कलावंत असतात, पण त्यांना दिवस मोजके मिळतात. प्रदर्शनाची तारीख आधीच जाहीर झालेली असते, सगळ्यांचा उशीर शेवटी मिक्सिंगच्या टेबलावर येऊन पडतो. मग उरलेले खड्डे संगीताने बुजवले जातात. प्रेक्षकाला वाटतं दिग्दर्शकाला इथे भावना वाढवायची होती. कितीदा तरी तिथे फक्त खराब ट्रॅक झाकलेला असतो.

दुसरं कारण आपल्या घरात आहे. संध्याकाळच्या मालिका आमच्या बार्शीच्या घरी आई ओट्याशी भाजी चिरता चिरता ऐकते. ती पडद्याकडे क्वचितच बघते. कोण रागावलं, कुणाचं गुपित फुटलं, हे तिला मागच्या संगीतावरून कळतं. मालिका तशाच रचलेल्या असतात, न बघणाऱ्याला समजतील अशा, आणि त्यात गैर काही नाही. राबणाऱ्या बाईची ती सोय आहे. पण अंधारात, दोन तास, दुसरं काहीही न करता बसलेल्या माणसासमोर तीच रीत वापरली की तो बघणं सोडतो. त्याला बघायची गरजच ठेवलेली नसते.

याच आईबरोबर 'बाईपण भारी देवा' पाहिला होता, २०२३ मध्ये, बायकांनी भरलेल्या चित्रपटगृहात. केदार शिंदेंचा तो चित्रपट मला आवडला आणि त्याच्यावर चिडावंसंही वाटलं. मंगळागौरीचे खेळ मुळात आवाजाचे खेळ. फुगडी घालताना तोंडाने धरलेला पकवा, फरशीवर एकसाथ पडणारी पावलं, बांगड्या, लागलेली धाप. पन्नाशीच्या बायकांनी हे खेळ पुन्हा खेळायला घेणं हीच त्या चित्रपटाची जान, आणि ती धाप मला आणखी ऐकायची होती. ती कमी पडली तिथे आमच्या रांगेने भरून काढली. आई टाळ्यांवर ठेका धरत होती.

नागराज मंजुळेंना आवाजाची ताकद कळते, हे 'फँड्री'तल्या एका प्रसंगाने कायमचं सिद्ध केलं आहे. शाळकरी जब्याचं कुटुंब शाळेजवळ डुकरामागे धावतं आहे, गाव तमाशा बघतं आहे, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो. मग घरचे सगळे थांबतात, हातातलं काम टाकून ताठ उभे राहतात. डुकराला राष्ट्रगीत कळत नाही, ते निघून जातं. इथे एका शब्दाचा संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही, जे वाजतं ते त्या गावात रोज सकाळी वाजतं. एवढ्यात देश, शाळा, जात आणि त्या पोराची लाज एकत्र उभी राहते. रूम टोनसाठी उभं राहिलं की हल्ली मला हमखास हे कुटुंब आठवतं.

त्यांच्याच 'सैराट'बद्दल मात्र माझं मत बदललं आहे. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी हॉलिवूडमधल्या स्टुडिओत सिम्फनी वाद्यवृंद वापरला, आणि काही दिवस मला वाटायचं की करमाळ्याकडच्या उसाच्या फडावर एवढी व्हायोलिनं कशाला? आता वाटतं, तो हिशेब शेवटासाठी केलेला आहे. पहिला अर्धा चित्रपट संगीतात तरंगतो कारण प्रेमात पडलेली ती दोघं तरंगत आहेत. हैदराबादला गेल्यावर संगीत विरळ होत जातं, कुकर आणि रहदारी ऐकू यायला लागते. आणि अखेरीला, लहान मूल शेजारणीबरोबर घरी परततं तेव्हा आवाजच काढून घेतला जातो. मूल रडतं आणि ते रडणं ऐकू येत नाही. बार्शीच्या चित्रपटगृहात त्या क्षणी मागून कुणीतरी ओरडलं होतं, "अय, आवाज!" ऑपरेटरकडून काहीतरी बिघडलं असं त्याला वाटलं असणार. दुसऱ्यांदा तो ओरडला नाही. सबंध चित्रपटगृहात माणसांच्या श्वासाखेरीज काही नव्हतं. दिग्दर्शकाने रूम टोनदेखील काढून टाकला होता आणि आमचाच घेतला होता.

चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये माझ्या वहीतल्या आजच्या चित्रपटांच्या नोंदी पहिल्यांदा मिनिटांत जातात. लोकशाहीर नारायण कांबळे, म्हणजे वीरा साथीदार, व्यासपीठावर गातात ते संगीत संभाजी भगत यांचं. एरवी खालच्या कोर्टातली कुजबुज, कागद, पंखे. पण मला त्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती न्यायाधीशांचं लेखनिकाला मजकूर सांगणं. साक्षीदार आपल्या भाषेत, अडखळत, काहीतरी बोलतो. न्यायाधीश ते ऐकून सपाट इंग्रजीत दोन वाक्यं सांगतात, आणि कागदावर तेवढंच उरतं. माणसाचा आवाज नोंदीत कसा मरतो, हे इतक्या शांतपणे मी दुसऱ्या कुठल्या भारतीय चित्रपटात ऐकलेलं नाही. शेवटाकडे कोर्टातले दिवे मालवतात आणि काळोख लांबत जातो. व्हेनिसला २०१४ मध्ये त्याला पारितोषिक मिळालं, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिकही. पुरस्कारांनी त्याचे प्रेक्षक मात्र फारसे वाढवले नाहीत, याचं मला दुःख आहे.

ताम्हाणेंचा 'द डिसायपल' तर आवाजाचाच चित्रपट, आणि तरी माझं त्याच्याशी भांडण आहे. शास्त्रीय गायक होऊ पाहणारा शरद रात्री मोकळ्या रस्त्यावरून मोटारसायकलने जातो, वेग मंदावलेला, मागे तानपुरा, कानात गायिका माईंच्या ध्वनिमुद्रित व्याख्यानांतला उपदेश. पहिल्यांदा हे मंत्रासारखं लागतं. चौथ्यांदा ती दिग्दर्शकाची सवय वाटते. पण गाणं न लागण्याचा प्रसंग, मैफलीत सूर निसटतो आणि समोरचे मोजके लोक सभ्यपणे बसून राहतात, तो ऐकवत नाही इतका खरा आहे. शरद झालेले आदित्य मोडक मुळात गायक आहेत म्हणून ते शक्य झालं. बेसूर होणं अभिनयाने येत नाही, त्याला सूर माहीत असावा लागतो. आणि शेवटी लोकलच्या डब्यात एक भिक्षेकरी गात गात पुढे येतो, त्या दोन मिनिटांत सगळा चित्रपट पुन्हा तपासला जातो.

माईंचा तो आवाज सुमित्रा भावे यांचा. एप्रिल २०२१ मध्ये त्या गेल्या, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत 'द डिसायपल' आणि त्यांनी दिग्दर्शित केलेला 'दिठी' हे दोन्ही घराघरांत ओटीटीवर पोचले. एकात त्यांचा आवाज, दुसऱ्यात त्यांचा कान. 'दिठी' दि. बा. मोकाशींच्या 'आता आमोद सुनासि आले' या कथेवरचा. तरणा मुलगा पुरात गेलेला रामजी लोहार, किशोर कदम यांनी केलेला, आणि बाहेर न थांबणारा पाऊस. मी हा चित्रपट एका दुपारी पडदा न बघता नुसता ऐकला. कौलावरचा पाऊस, ओसरीवरचा पाऊस, छत्रीवरचा पाऊस वेगवेगळे ओळखू येत होते. अडलेल्या गाईचं हंबरणं सुरू झालं तेव्हा रामजीच्या आत काय चाललं आहे ते सांगायला दुसरं कुणी लागलं नाही. भावे यांच्याबद्दल बोलताना विषयांची निवड, सामाजिक भान, हे सगळं निघतं. त्यांच्या पावसाबद्दल कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

उमेश कुलकर्णींची 'विहीर' आणि अविनाश अरुण यांचा 'किल्ला' यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, दोन्हींत पाणी आहे आणि पाण्याजवळ एकटं पडलेलं मूल. 'किल्ला'तली कोकणातली दृश्यं माझ्या मनातून जात नाहीत. त्यात संगीत माझ्या मते जरा लवकर येतं, पण तक्रार तेवढीच.

मग २०२५च्या सप्टेंबरात 'साबर बोंडं' पाहिला. रोहन परशुराम कानवडे यांचा हा चित्रपट त्याच वर्षी सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागातलं मुख्य पारितोषिक घेऊन आला होता. वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेला आनंद, त्याची आई, आणि गावातला जुना सोबती बाळ्या. दोन पुरुषांमधलं प्रेम मराठीत इतक्या निवांतपणे कुणी मांडलं नव्हतं, आणि त्यावर पुष्कळ लिहून आलं. मला सांगायचं आहे ते हे की या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घड्याळ लावलं आणि ते चालतच राहिलं. 'कुंकू'पासून इथपर्यंत यायला इतकी वर्षं लागली, पण आलो.

सुतकाच्या घरात आवाज कसे असतात ते मी आजोबा गेले तेव्हा ऐकलेले आहेत. येणारा प्रत्येक जण दारात चपला काढतो तो आवाज. बायकांचा हुंदका, त्यातच मध्ये कुणाला चहा मिळाला नाही याची चौकशी, लगेच पुन्हा हुंदका. लग्नाचं कधी बघताय, असं विचारणारे नातलग. 'साबर बोंडं'मध्ये हे सगळं एकाच पातळीवर ऐकू येतं, कुठलंच मोठं केलेलं नाही. त्यामुळे आनंद आणि बाळ्या रानात शेळ्यांमागे निघतात, माणसांचे आवाज मागे राहतात आणि वारा उरतो, तेव्हा आपल्यालाही सुटल्यासारखं होतं. त्या दोघांना जवळ येऊ देणारी जागा कानाला आधी कळते. तिथे एक जरी सूर वाजला असता तरी हे प्रेम आपल्याला समजावून दिल्यासारखं झालं असतं.

पुण्यातल्या मल्टिप्लेक्सच्या छोट्या पडद्यावर आम्ही जेमतेम वीस जण होतो. शेजारच्या पडद्यावर कुठलातरी मोठा चित्रपट चालू होता, त्याचे दणके भिंतीतून येत होते आणि पहिली पंधरा मिनिटं मी नुसती चिडलेली होते. पुढच्या रांगेत एक काका पॉपकॉर्नचा पुडा घेऊन बसले होते, अधूनमधून पुडा कुरकुरत होता. पडद्यावर आनंद आणि त्याची आई अंधारात शेजारी पडून हळू आवाजात बोलत होते. काकांचा हात पुड्यात गेला आणि तिथेच थांबला. बोलणं संपेपर्यंत त्यांनी तो बाहेर काढला नाही. मग अगदी सावकाश, आवाज होणार नाही असा, पुडा खाली पायाशी ठेवला.